रक्ताला पर्याय शोधताना

शुक्रवार, २ मे २०२५

आल्याआल्या फ्रीजच्या तापमानाची नोंद केली. चार अंश. काटा दोन ते सहाच्या मध्ये असला की दिवसाची सुरुवात बरी होते. आत ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या, बी पॉझिटिव्हची एक, ए पॉझिटिव्हची एक. एबी नाही. निगेटिव्ह गटाची एकही नाही.

आमचं हे रक्त साठवणूक केंद्र आहे, रक्तपेढी नव्हे. रक्त गोळा करणं, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया यांच्या तपासण्या करणं, लाल पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करणं हे सगळं मोठ्या रक्तपेढीत होतं. तिथून तयार पिशव्या थंड पेटीतून आमच्याकडे येतात. त्या सांभाळायच्या, रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहायच्या आणि वॉर्डात द्यायच्या, हे माझं काम. लाल पेशींची पिशवी ४२ दिवस टिकते. त्यानंतर कितीही गरज असली तरी ती वापरता येत नाही.

एप्रिल-मे आमच्याकडे सगळ्यात कठीण. कॉलेजांना सुट्ट्या, लगीनसराई, त्यात हे ऊन. रक्तदान शिबिरं जवळजवळ थांबतात. बाळंतपणं मात्र थांबत नाहीत आणि हमरस्त्यावरचे अपघातही थांबत नाहीत.

मंगळवार, ६ मे

ऊसतोडीवरून पाडव्याला परतलेली एक बाई आज नवऱ्याबरोबर आली. आठवा महिना संपत आलेला. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरी फटक. चार पायऱ्या चढली तरी धाप, नाडी मिनिटाला सव्वाशेच्या आसपास. हिमोग्लोबिन ५. डॉक्टर मॅडमनी लगेच दाखल करून घेतलं आणि रक्त चढवायला सांगितलं.

तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलेला होता. नवरा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, ह्या मशीनवर तर अठ्ठ्याण्णव दाखवतंय. कोरोनात डाक्टर म्हणायचे, चौऱ्याण्णवच्या वर हाय तर काळजी न्हाई. मग रगत कशापायी भरायचं?"

त्याचा प्रश्न रास्त होता. त्याला कागदावर मांडून दाखवलं. ऑक्सिमीटर एवढंच सांगतो, की रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलेलं आहे. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे तो सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलीलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन साडेबारा आहे, तिच्या १०० मिलीलिटर रक्तात सुमारे साडेसोळा मिलीलिटर ऑक्सिजन असतो. हिच्या रक्तात साडेसहा. दोघींच्या बोटाला लावलेलं मशीन अठ्ठ्याण्णवच दाखवणार.

उरलेली तूट हृदय भरून काढू पाहतं. तेवढाच ऑक्सिजन पोहोचवायला त्याला दुपटीहून जास्त रक्त फिरवावं लागतं, म्हणून ती नाडी सव्वाशेची. पोटातलं लेकरू आईच्या रक्तातूनच ऑक्सिजन घेतं, म्हणजे तूट दोघांना. आणि बाळंतपणात रक्त गेलं, तर गमवायला हिच्याकडे काही शिल्लकच नाही.

नवरा ऐकत होता. म्हणाला, "मग माझं घ्या." त्याचं तपासलं तर ११.८ निघालं. रक्तदात्याला किमान साडेबारा लागतं. त्याचं घेता आलं नाही. बी पॉझिटिव्हची एकुलती पिशवी जुळली. हृदयावर एकदम भार नको म्हणून अगदी सावकाश चढवली.

गुरुवार, ८ मे

त्या नवऱ्याच्या 'अठ्ठ्याण्णव'मुळे २०२१ सालचा मे महिना आठवत राहिला. ऑक्सिजनच्या टँकरची वाट पाहण्यात तेव्हा रात्री जात. त्याच महिन्यात आपल्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठं काम झालं. कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पातल्या यंत्रणेत फेरफार करून हवेपासून ऑक्सिजन तयार करायला घेतला. साखर कारखान्याने ऑक्सिजन तयार करण्याचा देशातला हा पहिलाच प्रयत्न म्हणून त्याची नोंद झाली.

त्यामागचं तत्त्व समजून घेण्यासारखं आहे. इथेनॉलमधलं उरलंसुरलं पाणी काढण्यासाठी सूक्ष्म छिद्रांचे झिओलाइटचे खडे वापरतात. पाणी त्या छिद्रांत अडकतं आणि इथेनॉल पुढे जातं. दुसऱ्या जातीचे खडे घेऊन त्यांवरून दाबाखाली हवा सोडली, तर ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी केला की खडे नायट्रोजन सोडून देतात आणि पुन्हा कामाला तयार होतात.

त्या वर्षी आम्ही सगळे ऑक्सिजन फुफ्फुसापर्यंत कसा पोहोचेल याच चिंतेत होतो. फुफ्फुसाच्या पुढेही त्याला बरंच अंतर कापायचं असतं. पाण्यासारख्या द्रवात ऑक्सिजन फारच कमी विरघळतो. साध्या हवेत श्वास घेताना १०० मिलीलिटर रक्ताच्या द्रवात जेमतेम ०.३ मिलीलिटर. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तरी दोनच्या आसपास. शरीराला मात्र विश्रांतीतही प्रत्येक १०० मिलीलिटर रक्तामागे पाच मिलीलिटर लागतो. म्हणजे टाक्या भरून ऑक्सिजन असला, तरी तो पेशीपर्यंत नेणारं हिमोग्लोबिन नसेल तर माणूस जगत नाही.

सोमवार, १२ मे. बुद्धपौर्णिमा

जवळच्या गावात विहारात रक्तदान शिबिर. रक्तपेढीची गाडी आली होती, मी मदतीला गेले. या दिवसांत शिबिर घेणाऱ्या पोरांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. ऊन चढायच्या आत बरीचशी नावं झाली. दोन मुली आल्या होत्या. एकीचं वजन ४५ किलो भरलं नाही, दुसरीचं हिमोग्लोबिन कमी पडलं. दोघींचे चेहरे उतरले. त्यांना लोहाच्या गोळ्या कशा आणि कधी घ्यायच्या ते लिहून दिलं.

बीएस्सीला असलेल्या एका मुलाने रक्त देता देता विचारलं, "मॅडम, हृदयाची झडप कृत्रिम बसवतात, खुबा बसवतात. मग रक्त अजून का बनवता येत नाही?"

त्याला मी म्हणाले, नीट वाचून सांगते. वरवरचं उत्तर देऊन वाटेला लावावं असा हा प्रश्न नव्हता. फ्रीजचा रिकामा कप्पा पाहिला की हाच प्रश्न माझ्याही मनात येतो.

गुरुवार, १५ मे

वाचायला घेतलं. रक्ताला पर्याय शोधण्याचा इतिहास धाडसाचा आहे आणि दुःखाचाही. १८५४ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत पटकीच्या रुग्णांच्या शिरेत गाईचं दूध सोडलं होतं. दुधातले स्निग्ध कण पुढे रक्ताच्या पेशी होतील असा समज होता. अमेरिकेत १८७० च्या दशकात हे प्रयोग पुन्हा झाले. मग सलाईन आलं आणि दूध मागे पडलं. सलाईनने रक्तवाहिन्या भरतात, रक्तदाब सावरतो, पण ऑक्सिजन वाहिला जात नाही. १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट दाखवून दिले आणि माणसाचं रक्त माणसाला सुरक्षितपणे देण्याची वाट मोकळी झाली.

पुढचा विचार साहजिक होता. ऑक्सिजन वाहतं ते हिमोग्लोबिन. मग पेशी फोडून हिमोग्लोबिन वेगळं काढलं आणि तेवढंच दिलं तर? ना रक्तगट जुळवायची गरज, ना पेशींच्या आयुष्याची चिंता.

अमेरिकेत बाल्टिमोर इथे विल्यम अँबर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. त्यांचा अहवाल १९४९ चा आहे. त्यांच्या रुग्णांमध्ये बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव झालेली एक तरुण बाई होती. हाताशी असलेलं रक्त संपलं, तेव्हा तिला हिमोग्लोबिनचं द्रावण दिलं. रक्तदाब वर आला, ती शुद्धीवर आली. नंतर तिची मूत्रपिंडं बंद पडली आणि काही दिवसांनी ती गेली.

हे वाचून बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. प्रसूतिकक्षाच्या दाराशी रिकामे हात घेऊन उभं राहणं म्हणजे काय, हे माझ्या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अँबर्सनच्या लोकांनी त्या हातात काहीतरी देण्याचा प्रयत्न केला होता.

रविवार, १८ मे

सुट्टी. त्या बाईची मूत्रपिंडं का बंद पडली, आज नीट कळलं.

हिमोग्लोबिनच्या रेणूचे चार भाग असतात. लाल पेशीच्या आत ते एकत्र राहतात. पेशीबाहेर पातळ द्रवात आले की त्यांचे दोन-दोनचे तुकडे होतात. हे तुकडे एवढे लहान, की मूत्रपिंडाच्या गाळणीतून आत शिरतात आणि तिला इजा करतात. दुसरी अडचण अशी, की पेशीच्या आत डीपीजी नावाचं रसायन असतं. ऊतींपाशी पोहोचल्यावर ऑक्सिजन सोडून देण्यात त्याची मोठी मदत होते. पेशी फुटली की ही मदत गेली. मोकळं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून बसतं. ऑक्सिजन घेणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो योग्य जागी सोडणं महत्त्वाचं.

यावर शास्त्रज्ञांनी उपाय काढले. रेणूचे भाग रसायनांनी एकमेकांना जखडले, अनेक रेणूंची साखळी केली, गाईचं हिमोग्लोबिन वापरून पाहिलं, कारण त्याला डीपीजीची गरज पडत नाही. मूत्रपिंडाचा प्रश्न बराचसा सुटला. मग तिसरी अडचण पुढे आली. रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतं, त्याने वाहिनी सैल राहते. मोकळं हिमोग्लोबिन हा वायू शोषून घेतं. वाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आणि जिथे ऑक्सिजन पोहोचवायचा तिथलाच रस्ता अरुंद होतो.

बॅक्स्टर कंपनीचं हेमअसिस्ट हे असंच औषध अपघातग्रस्तांना देऊन पाहिलं. १९९८ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. औषध मिळालेल्या ५२ रुग्णांपैकी २४ दगावले होते, सलाईन मिळालेल्या ४६ पैकी ८. २००८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात अशा पाच उत्पादनांच्या १६ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. एकंदर ३,७११ रुग्ण. मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी जास्त, हृदयविकाराच्या झटक्याचा पावणेतीन पट.

दक्षिण आफ्रिकेने मात्र २००१ मध्ये गाईच्या हिमोग्लोबिनपासून केलेल्या हेमोप्युअरला परवानगी दिली होती. तिथे एचआयव्हीमुळे सुरक्षित रक्ताचा प्रश्न बिकट होता. रक्तच मिळणार नसेल, तर जोखमीचा हिशेब बदलतो. अमेरिकेत तेच औषध सर्रास वापरासाठी मंजूर झालं नाही.

बुधवार, २१ मे

अवकाळीचा जोर. दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत जीव टांगणीला. फ्रीजचं दार कुणी उघडू नये म्हणून तिथेच थांबले. तापमान पाच अंशांच्या वर गेलं नाही.

आज ओ पॉझिटिव्हची पिशवी वॉर्डात द्यायची होती. फ्रीजमधून काढली की आधी ती उजेडासमोर धरायची. पेशींवरच्या द्रवाला लालसर छटा असेल तर आत पेशी फुटल्या आहेत. गुठळी असेल, रंग काळपट झाला असेल, तर पिशवी बाद. मग लेबल: गट, क्रमांक, घेतल्याची तारीख, संपण्याची तारीख. मग रुग्णाचा द्रव आणि दात्याच्या पेशी एकत्र करून, फिरवून, नळी हळूच तिरकी करायची. पेशी धुरासारख्या मोकळ्या सुटल्या तर जुळलं. गोळा तसाच राहिला तर नाही. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली खात्री. पिशवी हातात देताना नाव आणि क्रमांक दोघींनी मोठ्याने वाचायचे.

पिशवीतलं रक्तसुद्धा जुनं होत जातं. ते डीपीजी दोन आठवड्यांत बरंचसं संपतं. रुग्णाच्या शरीरात गेल्यावर एक-दोन दिवसांत पेशी ते पुन्हा तयार करतात. एवढी सात-आठ मायक्रॉनची लाल पेशी, तिच्यात सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू. स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून अंग वाकवून ती पलीकडे जाते. असं १२० दिवस. आणि निरोगी शरीर दर सेकंदाला वीस लाखांच्या वर नव्या पेशी तयार करतं. कोणत्या कारखान्याला हे जमणार, असं क्षणभर वाटलं. पण प्रयत्न करणारे थांबलेले नाहीत.

मंगळवार, २७ मे

काल रात्री पहिलटकरणीचा बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव. गर्भाशय आकुंचन पावत नव्हतं. मॅडमनी मालिश, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड सगळं भराभर दिलं. मी दोन पिशव्या जुळवून दिल्या आणि रक्तपेढीला आणखी मागवायला फोन केला. पावसात गाडी यायला वेळ लागणार होता. पहाटे रक्तस्राव आटोक्यात आला. बाई वाचली. बाळ पाजायला घेतलं तेव्हा सिस्टरच्या डोळ्यांत पाणी होतं.

मॅडम सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "दोन पिशव्यांनी हातभार लावला, पण ती तगली ती तिच्या अकरा हिमोग्लोबिनवर."

त्याच आठवड्यात ५ असलेली बाई बाळंत झाली असती तर? तेवढंच रक्त जाऊन काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. बाळंतिणीसाठी सगळ्यात जवळचा, सगळ्यात जुळणारा आणि कुठूनही आणावा न लागणारा साठा म्हणजे तिचं स्वतःचं रक्त. तो नऊ महिन्यांत भरता येतो.

शुक्रवार, ३० मे

हिमोग्लोबिन वगळून वेगळ्याच वाटेने गेलेले लोकही आहेत.

१९६० मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये ईटे बूरेमा या शल्यविशारदांनी डुकरांच्या अंगातल्या जवळजवळ सगळ्या लाल पेशी काढून टाकल्या आणि त्यांना तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवलं. डुकरं जगली. एवढ्या दाबाखाली १०० मिलीलिटर द्रवात सुमारे सहा मिलीलिटर ऑक्सिजन विरघळतो, आणि शरीराची गरज पाचची. हिशेब बरोबर निघाला. पण दाबाच्या खोलीत माणूस किती काळ ठेवणार!

१९६६ मध्ये अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी ऑक्सिजन मुरवलेल्या फ्लुरोकार्बन द्रवात उंदीर पूर्ण बुडवला. उंदीर त्या द्रवातच श्वास घेत राहिला. या द्रवात ऑक्सिजन भरपूर विरघळतो. त्यातूनच जपानच्या ग्रीन क्रॉस कंपनीचं फ्लुओसोल आलं. हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून अडथळा काढताना वापरण्यासाठी अमेरिकेने १९८९ मध्ये त्याला मान्यता दिली. पण ते गोठवून ठेवावं लागे, वापरण्याआधी तयार करावं लागे, आणि काम करायला रुग्णाला भरपूर ऑक्सिजन द्यावाच लागे. १९९४ मध्ये ते बंद झालं.

मंगळवार, ३ जून

आज त्या बीएस्सीच्या मुलाला द्यायची टिपणं पुरी करत होते. सध्याचे तीन प्रयत्न लिहून काढले.

जपानच्या नारा वैद्यकीय विद्यापीठात मुदत संपलेल्या दान-रक्तातलं हिमोग्लोबिन काढून ते स्निग्ध आवरणाच्या अतिसूक्ष्म पुड्यांत भरतात. आवरण असल्यामुळे ते मूत्रपिंडात घुसत नाही. आवरणावर रक्तगटाच्या खुणा नाहीत. साध्या तापमानाला दोन वर्षं टिकवण्याचं उद्दिष्ट आहे. निरोगी स्वयंसेवकांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यात १०० मिलीलिटरपर्यंतच मात्रा होती. जास्त मात्रेची पुढची चाचणी जाहीर झाली आहे.

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात ॲलन डॉक्टर यांचा गट एरिथ्रोमर तयार करतो आहे. कोरडी पूड, जिथे लागेल तिथे पाण्यात कालवून शिरेतून द्यायची. ते अजून प्राण्यांवरच्या प्रयोगांत आहे.

ब्रिटनमध्ये प्रयोगशाळेत मूळ पेशींपासून वाढवलेल्या लाल पेशी पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला दिल्याचं २०२२ च्या नोव्हेंबरात जाहीर झालं. मात्रा एक-दोन चमचे. पाच लाख मूळ पेशींपासून तीनेक आठवड्यांत पाच हजार कोटी लाल पेशी होतात, आणि तरी एका पिशवीपासून हे फार दूर आहे.

पूड वाचून सास्तूर डोळ्यांपुढे आलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं ढिगाऱ्याखाली गेली, सुमारे दहा हजार माणसं गेली. रस्ते बंद, वीज नाही, जखमी ढिगाऱ्याखाली. अशा वेळी फ्रीजशिवाय टिकणारी, गट न पाहता देता येणारी पूड गावच्या उपकेंद्रात असती तर मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचायला किती जणांना वेळ मिळाला असता! मोठ्या शहरात रक्तपेढी हाकेच्या अंतरावर असते. कृत्रिम रक्ताची खरी गरज आपल्यासारख्या भागाला आहे, म्हणून या शोधाकडे आपलं लक्ष हवं.

शनिवार, ७ जून

एका गावातून फोन. रुग्णाचा गट 'बॉम्बे' निघाला आहे, काय करावं? मुंबईतल्या आणि राज्यातल्या नोंदणीकृत दात्यांपर्यंत कसं पोहोचायचं ते सांगितलं, रक्तपेढीचा क्रमांक दिला.

हा गट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ओळखला आणि 'लॅन्सेट'मध्ये जगापुढे मांडला. या माणसांच्या पेशींवर एच ही मूळ खूणच नसते, त्यामुळे ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नाही. साध्या तपासणीत ते ओ असल्यासारखे दिसतात, धोका तिथेच आहे. म्हणून जुळवणी कधीही टाळायची नाही. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. गट नसलेलं कृत्रिम रक्त निघालं, तर पहिला आधार या लोकांना मिळेल.

मंगळवार, १० जून. वटपौर्णिमा

ऊसतोडीची ती बाई तपासणीला आली. हिमोग्लोबिन ८.४. एक पिशवी रक्त, त्यानंतर शिरेतून लोहाची इंजेक्शनं, जंताची गोळी. धाप नाही. नाडी नव्वदीत. उपास होता, पण सासू म्हणाली, "डाक्टरीणबाईंनी सांगितलंय, गरवारशीला उपाशी ठेवायचं न्हाई. म्या वडाला जाऊन आले, हिला भाकर खायला घातली." असं ऐकलं की बरं वाटतं.

तिला सांगितलं: लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. लिंबू पिळून खायचं. हरभऱ्याची भाजी, अंबाडी, हुलग्याचं माडगं, लोखंडी कढईतली भाजी. बाळंतपणाला याच रुग्णालयात यायचं.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आहेत, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचा हा आकडा. चौथ्या फेरीत तो ४८ होता. वाढला आहे. आपल्याच जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या पुढाकाराने गावातल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं होतं. आता प्रत्येक गावात आशाताई आहेत. बाईचं रक्त वाढवायचं काम गावात, तिच्या स्वयंपाकघरापासून सुरू होतं, हे त्या कामाने दाखवून दिलेलं आहे.

शनिवार, १४ जून

आज रक्तदाता दिन, लँडस्टायनर यांचा जन्मदिवस. त्या मुलाने कॉलेजात टिपणं वाचून दाखवली. त्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं होतं: ऑक्सिजन उचलणारे रेणू आणि द्रव माणसाला सापडले आहेत. तो हळुवार सांभाळून नेणारी, योग्य जागी सोडणारी आणि वाटेत कुणाला इजा न करणारी पेशी अजून बनवता आलेली नाही. पंचाहत्तर वर्षांचे अपयशी प्रयोग वाया गेलेले नाहीत. पेशीचं आवरण का हवं, हे त्यांनीच शिकवलं, आणि आजचे प्रयत्न त्याच धड्यावर उभे आहेत. ते यशस्वी व्हावेत, आणि मोठ्या शहरांआधी आमच्यासारख्या ठिकाणी यावेत.

तोवर रक्त माणसाकडूनच येणार. म्हणून वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल, तर पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि स्त्रियांनी चार महिन्यांनी रक्त द्यावं. अंगातला द्रव एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत. अशक्तपणाची भीती मनातून काढावी. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला एकाच दिवशी शेकडो पिशव्या गोळा करण्यापेक्षा गावागावांनी महिने वाटून घ्यावेत, आणि एप्रिल-मे कुणीतरी आपल्याकडे घ्यावा. आणि घरातल्या प्रत्येक मुलीचं, सुनेचं हिमोग्लोबिन या महिन्यात तपासून घ्यावं. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, गोळ्याही फुकट मिळतात.